तुम्ही विचारलंत म्हणून: मशिनवर सगळं हिरवं, तरी दोरी कशाला?

"काका, व्हील अलाइनमेंटच्या लेझर मशिनवर सगळं हिरवं आलंय, ही बघा प्रिंट. मग आता दोरी आणि ओळंबा घेऊन काय बसलात? घर बांधताय का?" जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहितो.

मशिनला नावं ठेवत नाही. छत्रपती संभाजीनगरात चांगली मशिनं आहेत, रस्त्यावरची गाडी मी स्वतः तिथेच पाठवतो. पण हिरव्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने रस्त्यासाठी ठरवलेल्या पट्ट्यात गाडी बसली. ट्रॅकसाठी पद्मिनीला पुढे उणे 2 ते 2.5 अंश कॅम्बर (चाकाची वरची कड आत कललेली), 4 अंशांच्या आसपास कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल) आणि दोन्ही चाकं मिळून 1 ते 2 मिमी टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर; ही दिशा म्हणजे टो), इथून मी सुरुवात करतो. हे आकडे मशिनवर लालच दिसणार. शिवाय मशिन उभी गाडी मोजतं. ब्रेक जोरात दाबला की नाक 30-40 मिमी खाली बसतं. त्या घडीला चाकं कुठे बघतात, ते प्रिंटवर नसतं.

आधी जमीन. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात उलते, आणि वरची फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते. म्हणून गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही चाकांच्या जागा दर खेपेला तपासायच्या, आणि फरक 1 मिमीच्या आत येईपर्यंत खाली पत्र्याचे तुकडे घालायचे. ड्रायव्हरच्या सीटवर 50 किलोचं पोतं आणि वर 20 किलो. ज्वारी चालते, तूरही चालते. पेट्रोल शर्यतीच्या वेळी असेल तेवढंच. हवा गार टायरमध्ये भरायची, म्हणजे मे महिन्यात सकाळी सहाला. पुढच्या चाकांखाली दोन-दोन पत्रे, मध्ये ग्रीस; नाहीतर जॅकवरून उतरलेलं चाक जमिनीला धरून राहतं आणि खोटा आकडा देतं. चार कोपऱ्यांच्या वजनाला मोंढ्यातले 500 किलोचे एकसारखे चार काटे पुरतात. डावं पुढचं अधिक उजवं मागचं, ही बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली की पुढचं काम.

दोरी दोन्ही बाजूंना हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, उंचीवर ताणायची आणि अंतर हबच्या मध्यापासून धरायचं. टायरच्या गालापासून मोजू नका, पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं. रिमच्या कडांमध्ये 380 मिमी अंतर असेल तर टोचा 1 मिमी म्हणजे साधारण 9 मिनिटं, आणि ओळंब्यापासून वरच्या-खालच्या कडेचा फरक 6.6 मिमी म्हणजे 1 अंश कॅम्बर. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे बुश झिजले असतील तर मागचा ॲक्सल तिरका बसलेला दोरीवर लगेच कळतो. चांगलं मशिनही हे दाखवतं, मान्य. पुढचं मात्र दाखवत नाही.

एक पद्मिनी होती, 35 मिमी खाली केलेली. मशिनवर हिरवी (कॅम्बर तेव्हा रस्त्याचाच होता), दोरीवर बरोबर, टाय रॉडचे (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे) रॉड एंड, म्हणजे टोकाचे सांधे, नवेकोरे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर सरळीच्या शेवटी ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. हळू दाबला तर सरळ. संशय ब्रेकवर गेला. व्हील सिलिंडर बदलले, ड्रम लेथवर फिरवून आणले, लायनिंग घासून बसवलं. ओढणं तसंच. मग पुढच्या स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं आणि उंची भरायला पॅकिंग घातलं. आठ कामाच्या वेटोळ्यांची सात झाली की स्प्रिंग साधारण 14 टक्के कडक होते. (कापताना ग्राइंडर, गॅस कधीच नाही, तापलेली स्प्रिंग बसते.) ओढणं कमी झालं आणि मी खूष.

त्या वेळच्या मला आज म्हणावंसं वाटतं: बाबा, तू आजार झाकलास. पण तोही गप्प बसत नाही. "चाक कमी हललं, म्हणून टो कमी बदलला. गाडी सरळ थांबली ना?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. कडक स्प्रिंग लावून भूमिती लपवणारे भले भले आहेत. फक्त डावं चाक ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढलं की स्टेअरिंग हातातून हिसकायचं, आणि तिथे स्प्रिंगची मात्रा चालली नाही.

शेवटी बम्प स्टिअर मोजला, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप किती वळतं ते. गाडी स्टँडवर, स्प्रिंग काढलेली, अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा, कलणं रोखणारा दांडा) सोडलेला, स्टेअरिंग मध्यावर बांधून टाकलेलं. हबला सपाट पट्टी, पट्टीवर 380 मिमी अंतराने दोन डायल गेज (मिमीचे बारीक भाग मोजणारी घड्याळं). चाक जॅकने 10-10 मिमी उचलायचं आणि दोन गेजमधला फरक वहीत लिहायचा. 40 मिमी वर गेल्यावर उजवं चाक 1.4 मिमी बाहेर वळलं, डावं 3.1. दोन्ही सारखी बाहेर वळली असती तर गाडी नुसती चंचल झाली असती. डावं जास्त वळत होतं, म्हणून ती डावीकडे जात होती. ब्रेकचा काही दोष नव्हता.

या फरकाचं मूळ आयडलर आर्ममध्ये निघालं, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच्या समोरच्या बाजूला टाय रॉडची जोडणी धरणाऱ्या आर्ममध्ये. आपल्या गाड्यांत स्टेअरिंग बॉक्स उजवीकडे, आयडलर डावीकडे. स्टेअरिंग हलवून त्याचा खेळ कळत नाही. टॉमी (लोखंडी पहार) लावून वर-खाली उचकावं लागतं. बुश झिजल्यामुळे तो 4 मिमी लोंबला होता. एवढ्याशाने काय होतंय? हिशेबाला टाय रॉड 300 मिमी आणि स्टेअरिंग आर्म 120 मिमी धरा. आतलं टोक 4 मिमी खाली आलं की 40 मिमी उचललेल्या चाकाला रॉड अर्धा मिमी जास्त आत ओढतो, आणि रिमवर तो 1.7 मिमी होतो. तीन पूर्णांक एकातून एक पूर्णांक चार वजा करून बघा.

नवा बुश पडला आणि दोन्हीकडे 1.4 राहिले. ते गाडी खाली केल्याचं. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर रॉडचं बाहेरचं टोक खाली घ्यायचं. पुढे असेल आणि चाक वर जाताना आत वळत असेल, तरीही तेच. आर्मचं टेपर भोक सरळ ड्रिल करू नका. ईएन 24 पोलादाचा स्टड लेथवर फिरवून घ्या, वरचा भाग आर्मच्या टेपरचा, खालचा 12 मिमी सरळ, त्यावर शिम (पातळ चकती) आणि रॉड एंड. 3 मिमी शिम पुरली. कॅसल नट, स्प्लिट पिन, आणि रॉड एंडखाली मोठं वॉशर, म्हणजे रॉड एंडमधली गोळी निसटली तरी रॉड सुटत नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात हे काम करणारे लेथवाले भरपूर आहेत. स्टडचं ड्रॉइंग मात्र काढून न्या.

गेजचे आकडे कागदावर मांडले की आणखी एक कळतं. रेष सरळ तिरकी गेली तर टोकाची उंची चुकली. कमानीसारखी वाकली, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे टो एकाच दिशेला गेला, तर रॉडची लांबी चुकली. शिम घालून उपयोग नाही.

आणि हो, गाडी मुळात खाली केलीच का, हा खरा टोमणा मला कुणी मारत नाही. डबल विशबोनला (प्रत्येक पुढचं चाक वर-खाली दोन आडव्या आर्मनी धरलेलं असतं, त्या रचनेला) गाडी खाली केली की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, बहुतेकदा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरतं, त्यामुळे खालची गाडी वळणावर जास्त कलू शकते. 35 ऐवजी 20 मिमी चालले असते, असं मला कधीकधी वाटतं. कधीकधी नाही.

त्या पद्मिनीत आता उजवीकडे 0.2 आणि डावीकडे 0.5 मिमी उरलेत. शिमने डावीकडचे निघतील. पण क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा तुळवट) वाकला असेल तर शिम घालून मी पुन्हा झाकायचंच काम करणार. पाऊस सरला की फरशी परत मोजीन आणि डावे विशबोन उतरवीन. तोवर प्रिंट दाखवू नका.