मागच्या गल्लीतली तावेर्ना

ग्रीसच्या क्रीट बेटावरचं हेर्सोनिसोस म्हणजे पक्कं टुरिस्टी गाव. समुद्राला लागून हॉटेलं, बार आणि दारात उभं राहून "माय फ्रेंड, इंडिया?" करत आत ओढणारी पोरं, मेनूवर पाच-सहा भाषा आणि मुसाकाचा (वांगी-खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) उन्हाने निळा पडलेला फोटो. तिथे निम्मे पैसे समुद्र बघायचे लागतात, आणि समुद्र तर बाहेर फुकट आहे की.

मागच्या गल्लीतल्या तावेर्नात, म्हणजे साध्या ग्रीक जेवणघरात शिरा. कागदी टेबलक्लॉथ, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला क्लिपा, आत आजी, ग्रिलवर मुलगा, ऑर्डर घ्यायला सून, नातू ब्रेड आणून ठेवतो (त्याचे थोडे पैसे लागतात बरं का). आपल्या कोकणातल्या घरगुती खानावळीसारखाच मामला. आणि स्वस्त का, तर जागा घरची, राबणारे घरचे, ऑलिव्ह तेल बऱ्याचदा स्वतःच्या झाडांचं, आणि निम्मे पदार्थ सकाळीच मोठ्या ट्रेमध्ये शिजवून ठेवलेले असतात, त्यामुळे गॅसही वाचतो आणि माणूसही. हे ट्रेमधलं जेवण कोमट मिळतं. नाक मुरडू नका, त्याची चव तशीच उतरते.

शाकाहारी मंडळी तर उगाचच घाबरतात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास इतके, की मांस, अंडी, दूध काहीच नसलेल्या भाज्या तिथल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या शिजतायत. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत भात भरून भाजलेलं गेमिस्ता (खिमा नाही ना, एवढं विचारून घ्या), टोमॅटोत शिजवलेले ते थोराड पांढरे गिगांतेस बीन्स, उकडलेल्या रानभाजीवर लिंबू आणि तेल. आणि दाकोस! बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि तेलाची धार, मला तेवढ्यावर जेवण भागतं. मुसाका मात्र मी सोडून देतो, त्यावरचा तो पांढऱ्या सॉसचा जाड थर त्सेलेमेंदेस नावाच्या शेफने १९२०च्या दशकात रूढ केला म्हणतात, मला जडच वाटतो तो. मेनूत नावापुढे चांदणी दिसली तर माल फ्रोझन, कालामारीपुढे (म्हणजे माकूळ) हमखास असते.

हाउस वाइन किलोवर मिळते, अर्धा किलो म्हणायचं, जग येतो. मासेही किलोवर, पण तिथे जरा जपून, आधी वजन करून भाव विचारायचा, नाहीतर सगळी स्वस्ताई एका माशात जाते.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. आपल्याकडच्यासारखं शेवटचा घास तोंडात असताना बडीशेप समोर आदळत नाहीत, दोन तास बसा, कोणी उठवत नाही. मागितलंत की बिलाबरोबर कलिंगडाच्या फोडी आणि राकीची छोटी बाटली येते, फुकट. वाइन काढून उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्याची ही दारू, घसा जाळत जाते. नको म्हटलं तरी ठेवतात.

जायचं तर मे ते ऑक्टोबरच. नोव्हेंबरात गेलात तर यातल्या बऱ्याच तावेर्ना बंद, आणि आजीसकट सगळं घर ऑलिव्ह पाडायला शेतात.