वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत लेन्सची पारख

वेरूळ आणि अजिंठा एकाच फेरीत पाहायचे, तर वारांचा हिशेब आधी करावा लागतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे दिवाळीनंतरच्या सुट्टीत बुधवार आणि गुरुवार धरून मी व माझी भाची छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला गेलो. तिने नुकताच क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा घेतला होता आणि त्याच्याबरोबर मिळालेल्या १८-५५ मिलिमीटरच्या झूम लेन्सच्या जोडीला कोणती लेन्स घ्यावी, हे तिला ठरवायचे होते. माझ्या पाठपिशवीत फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी, १६-३५, ५० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्स होत्या; हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. दुकानातल्या काउंटरवर चार लेन्स लावून पाहण्यापेक्षा लेण्यांत दोन दिवस फिरणे अधिक शिकवते, असे माझे ठाम मत आहे, कारण तिथे उभे कुठे राहायचे हे बहुधा दगडच ठरवतो.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे दर्शनी भागावर दुपारनंतर ऊन येते, म्हणून आम्ही सकाळ जैन लेण्यांत घालवली आणि कैलास लेणे उत्तरार्धासाठी राखून ठेवले. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर सुमारे १०० फूट उंच आहे आणि भोवतीचे अंगण त्या मानाने अरुंद. अंगणात उभे राहून संपूर्ण शिखर चौकटीत बसवायचे म्हटले की हात आपोआप १६ मिलिमीटरकडे वळतो. चित्र बसते खरे, पण कॅमेरा वर उचलताच उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि शिखर मागे कलल्यासारखे दिसते. हा दोष लेन्सचा नाही, कॅमेरा वर कलवल्याचा आहे. तो संगणकावर सरळ करता येतो, मात्र तसे करताना कडांचा बराच भाग कापला जातो. भाचीने विचारले, “मामा, मग वाइड लेन्स घ्यायचीच नाही का?” मी तिला लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेने वर नेले. कड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर उभे राहिल्यावर तिच्याच लेन्सच्या १८ मिलिमीटरच्या टोकाला, म्हणजे तिच्या लहान सेन्सरमुळे दीडपट धरून फुल फ्रेमच्या हिशेबात २७ मिलिमीटरला, मंदिर, अंगण आणि भोवतीचा तासलेला कातळ असे सगळे ऐसपैस मावले. डोंगरातून अख्खे देऊळ मोकळे केल्याचा अचंबा त्या चित्रात जितका उतरला, तितका अंगणातल्या अतिवाइड चित्रात उतरला नव्हता.

खाली परतल्यावर दक्षिणेकडच्या रावणानुग्रह शिल्पापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कैलास पर्वत हलवणारा रावण खालच्या खोबणीत जवळजवळ पूर्ण सुटा कोरलेला आहे, तर वर घाबरलेल्या पार्वतीने शिवाचा दंड धरला आहे. जवळ जाऊन वाइड लेन्सने टिपले, तर रावणाचे हात अवाढव्य होतात आणि वरचे जोडपे लहानसे उरते. मागे सरकून ७०-२००ने, साधारण १०० मिलिमीटरला टिपल्यावर दोन्ही भागांचे प्रमाण शिल्पकाराने योजले तसे राहिले. टेलिफोटो, म्हणजे दूरचे मोठे दाखवणारी लेन्स, मागचे-पुढचे जवळ आणते असे आपण म्हणतो, पण खरे तर ते काम आपण घेतलेले अंतर करते. लेन्स फक्त त्या अंतरावरून हवा तेवढा तुकडा कापून देते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की लेन्सची तुलना करण्याची रीतच बदलते.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्यात कसोटी उजेडाची होती. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. शिवाय मागून माणसे येत असतात. भाचीच्या लेन्सला ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा मोठे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, मिळत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), तर माझी ५० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, एफ/१.८ पर्यंत उघडते. या दोहोंत प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. एकाच आयएसओला, म्हणजे सेन्सरच्या एकाच संवेदनशीलतेला, तिला जिथे सेकंदाचा पाचवा भाग लागत होता, तिथे मला पन्नासावा भाग पुरत होता. एफ/१.८ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे किती अंतर स्पष्ट दिसते ते, कमी होते, ही नेहमीची हरकत भित्तिचित्राला फारशी लागू नाही, कारण भिंत सपाट असते. कॅमेरा तिला समांतर धरला की पुरे. चित्र हलत नसल्यामुळे स्थिरीकरण असलेल्या, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या, झूमनेही काम भागते, हे मान्य करायला हवे. मात्र पद्मपाणीच्या खाली झुकलेल्या पापण्या आणि हातातले निळे कमळ कमी आयएसओवर, दाणे न फुटता टिपायचे असेल, तर प्राइमला तोड नाही. पांढऱ्या-पिवळ्या दिव्यांची सरमिसळ मात्र कोणतीच लेन्स सोडवत नाही. त्यासाठी फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे रंग नंतर संगणकावर ठरवता येतील असे, घ्यावेत.

सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पाने पुन्हा १६-३५ बाहेर काढायला लावली. सुमारे सात मीटर लांबीची ती पहुडलेली बुद्धमूर्ती डावीकडच्या अरुंद मार्गिकेत आहे आणि समोर खांब असल्याने मागे सरकायला जागाच नाही. इथे वाइडला पर्याय नव्हता. तरीही मूर्तीखालच्या शोकाकुल शिष्यांचे चेहरे मला पन्नासनेच सापडले.

लेण्यांच्या समोरच्या डोंगरावरून वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची सगळी रांग दिसते. १८१९मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला पलीकडच्या कड्यावरून दहाव्या लेण्याची कमान दिसली होती. पुढे रॉबर्ट गिल याने इथल्या चित्रांच्या नकला केल्या आणि १८६०च्या दशकात दोन लेन्सच्या स्टीरिओ कॅमेऱ्याने इथली छायाचित्रेही घेतली. आम्ही त्या डोंगरावरून वळण साध्या १८-५५ने टिपले आणि एकेक कमान २०० मिलिमीटरने.

परतीच्या गाडीत भाचीने ३५ मिलिमीटर एफ/१.८ घ्यायचे ठरवले; तिच्या सेन्सरवर या लेन्सचे दृश्यक्षेत्र साधारण ५२ मिलिमीटरइतके येते, वजन कमी आणि किंमतही आवाक्यातली. भिगवणच्या पक्ष्यांसाठी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स लागेल तेव्हा ती भाड्याने आणावी, असे मी सुचवले आणि तिला ते पटले. अतिवाइड लेन्स मात्र मी तिला आत्ता तरी घेऊ दिली नाही: तिच्याजवळचे १८ मिलिमीटर वापरून जागा शोधायची सवय आधी लागू दे, असे मी तिला सांगितले.