पिंप, पाइप आणि विहीर

सिल्लोड तालुक्यातील मक्याच्या पट्ट्यातून पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांपैकी एका विहिरीच्या पाण्यात ॲट्राझिन हे तणनाशक भारतीय मानकातील मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे 2 मायक्रोग्रॅमच्या, कितीतरी वर आढळले. ॲट्राझिन मातीला घट्ट धरून राहत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर मुरमातून खाली उतरते. त्यामुळे ते थोडेफार सगळीकडे सापडले असते तर नवल नव्हते. पण शेजारच्या विहिरींत ते नाममात्र होते. हा फरक कशामुळे, याचा उलगडा होईना, म्हणून फेरनमुना घ्यायला मी स्वतः गेले.

विहीर बांधीव होती आणि नळाला पाणी नसले की आसपासच्या घरांतली माणसे तिचेच पाणी प्यायला नेत. "मॅडम, तळ दिसतोय बघा, या पाण्याला काय झालंय?" मालकांनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण एवढे ॲट्राझिन ना डोळ्यांना दिसते, ना जिभेला कळते.

कठड्याला लागून 200 लिटरचे निळे पिंप होते. तणनाशकाचे पाकीट त्यात कालवलेले होते आणि मोटारीचा पाइप तळापर्यंत सोडून ते भरणे चालू होते. नमुन्यांच्या तपकिरी बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवत असतानाच लाईट गेली. पाण्याची धार थांबली आणि पिंपाच्या आतल्या कडेवर पांढुरकी ओली रेघ उघडी पडू लागली. कोणी पाणी काढत नसताना पातळी बोटाबोटाने खाली सरकत होती. उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नव्हता आणि पाइपाचे तोंड बुडालेले होते, त्यामुळे द्रावण आल्या वाटेने विहिरीत परत चालले होते. मी ओरडले, मालकांनी पाइप उपसला, तोवर पिंप वीतभर उतरले होते.

पन्नास टक्क्यांच्या 500 ग्रॅम पाकिटात 250 ग्रॅम ॲट्राझिन असते. तेवढे साडेबारा कोटी लिटर पाणी मानकाच्या मर्यादेला नेऊन पोचवते. आणि पेरणीच्या दिवसांत लाईट किती वेळा जाते, ते तिथल्या कोणालाही विचारावे.

"उकळून दिलं तर नातवाला चालेल का?" मालकांच्या आईने विचारले. उकळून ॲट्राझिन उडून जात नाही, ब्लीचिंग पावडरीने जंतू मरतात पण हे औषध निघत नाही, हे आजींना सांगताना मला फार जड गेले. विहिरीचे पाणी पिण्यासाठी बंद करायला लावले; पिंप लांब नेणे, पाइपाचे तोंड पाण्याच्या वर टांगणे आणि व्हॉल्व्ह बसवणे, एवढे मालकांनी लगेच कबूल केले.

गावातल्या तपासणी पेटीने नायट्रेट, फ्लोराइड कळते, तणनाशक कळत नाही. 2012 च्या मानकात नावानिशी मर्यादा दिलेली कीडनाशके 18 आहेत. सर्रास वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड त्यांत नाही. निदान या अठरांची तपासणी तरी फवारणीच्या हंगामात, पहिल्या पावसानंतर लगेच व्हावी, असे मी त्या अहवालात लिहिले आणि तेव्हापासून प्रत्येक अहवालात लिहिते.