एकाच लेबलावर दोन किंमती : कॉन्स्टान्झ आणि क्रॉइत्सलिंगेनच्या सीमेवर

झ्युरिखहून थेट आगगाडीने निघाले की साधारण सव्वा तासात बोडेन्झे सरोवराच्या काठावरचे कॉन्स्टान्झ येते. शेवटच्या काही मिनिटांत गाडी क्रॉइत्सलिंगेन हे स्वित्झर्लंडमधले गाव मागे टाकून जर्मनीत शिरते, पण खिडकीतून पाहणाऱ्याला देश बदलल्याचे कळत नाही, इतकी ही दोन गावे एकमेकांत मिसळलेली आहेत. सरोवराकाठी पूर्वी जाळीचे कुंपण होते. ते २००६ साली निघाले आणि त्या जागी योहानेस ड्योरफ्लिंगर या शिल्पकाराची, टॅरोच्या पत्त्यांवर आधारलेली २२ उंच धातुशिल्पे उभी राहिली. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी शेंगेन करारात सामील आहे, त्यामुळे माणसांना इथे सहसा कोणी अडवत नाही. वस्तू आणि पैसे मात्र अडतात, आणि ते कसे अडतात हे पाहण्यासाठीच मी मुद्दाम या गावांत मुक्काम केला.

कॉन्स्टान्झचे रेल्वे स्थानक आणि गावातले मोठे खरेदी संकुल अगदी शेजारी शेजारी आहेत. शनिवारी सकाळी स्वित्झर्लंडकडून येणाऱ्या गाडीतून चाकांच्या रिकाम्या पिशव्या घेतलेली कुटुंबे उतरतात आणि स्थानकाबाहेर न रेंगाळता सरळ संकुलाकडे चालू लागतात. त्यांच्या मागोमाग मीही एका कपड्यांच्या दुकानात शिरलो. तिथे एका साध्या सुती शर्टाला अडकवलेले पुठ्ठ्याचे लेबल मी बराच वेळ निरखत होतो. त्यावर एकाखाली एक अशा किंमती छापलेल्या होत्या : युरोमध्ये २९.९५ आणि स्विस फ्रँकमध्ये ४९.९०. शर्ट तोच, कारखाना तोच, लेबलही एकाच छापखान्यातले. त्या दिवशी बाजारात एका युरोला सुमारे ९३ रापेन, म्हणजे फ्रँकचे ९३ शतांश, मिळत होते. त्या हिशोबाने २९.९५ युरोचे जेमतेम २८ फ्रँक होतात. चालत दहा-पंधरा मिनिटांवरच्या सीमेपलीकडे त्याच शर्टासाठी जवळजवळ पावणेदोन पट पैसे मोजावे लागणार होते, आणि ही गोष्ट लपवण्याची गरजही कोणाला वाटलेली नव्हती. जर्मन मासिकांच्या मुखपृष्ठावरही जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या किंमती अशाच शेजारी शेजारी छापलेल्या असतात.

या लेबलावरचे गुणोत्तर कधी काळी इतके विचित्र नव्हते. २००७ साली एका युरोला १.६० फ्रँकहून अधिक मिळत असत, तेव्हा २९.९५ युरो आणि ४९.९० फ्रँक या दोन आकड्यांत फारसा फरक उरत नव्हता. पुढे आर्थिक संकटाच्या काळात जगभरचा पैसा सुरक्षित आसरा म्हणून फ्रँककडे धावला आणि फ्रँक वधारत गेला. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर राखण्याचे जाहीर केले आणि १५ जानेवारी २०१५ रोजी, कोणतीही पूर्वसूचना न देता, ते बंधन काढून टाकले. काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली कोसळला. त्या आठवड्यातली कॉन्स्टान्झमधली गर्दी इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. रस्ते तुंबले होते, वाहनतळ भरले होते आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होत होत्या. स्वित्झर्लंडमधल्या अनेक दुकानदारांनी घाईघाईने ‘युरो सवलत’ जाहीर केली. परंतु चलन एका सकाळीत महागले, तरी आयात मालाच्या किंमती त्या वेगाने उतरल्या नाहीत. ग्राहकाच्या मनात तेव्हापासून जो सल आहे तो नेमका हा आहे : आपले चलन बळकट झाल्याचा फायदा वाटेत कोणीतरी अडवून धरतो, आणि तो कोण, हे दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहून कळायला मार्ग नसतो.

गल्ल्यावर दिसतो तो फक्त विनिमयाचा दर, म्हणून रागही आधी त्याच्यावरच निघतो. क्रॉइत्सलिंगेनच्या एका कॅफेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या वृद्ध जर्मन दांपत्याचे बिल ११.६० फ्रँक झाले होते. त्यांनी २० युरोची नोट पुढे केली. गल्ल्याजवळ चिकटवलेल्या कागदावर त्या कॅफेचा स्वतःचा दर लिहिलेला होता : १ युरो म्हणजे ८५ रापेन. त्यामुळे त्यांच्या नोटेचे १७ फ्रँक धरले गेले आणि ५.४० फ्रँक सुटे परत मिळाले. बाजारभावाने त्या नोटेचे १८.६० फ्रँक व्हायला हवे होते. म्हणजे दोन कॉफी आणि केकच्या तुकड्यांवर १.६० फ्रँक, सुमारे साडेआठ टक्के, कोणत्याही पावतीवर स्वतंत्र ओळ न दिसता निघून गेले. शिवाय हाती आलेली फ्रँकची नाणी जर्मनीत परतल्यावर बहुतेक ठिकाणी चालत नाहीत आणि चलन बदलून देणारे सहसा नोटाच घेतात. आजोबांनी कागदाकडे बोट दाखवून विचारले तेव्हा गल्ल्यावरच्या मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले की हा दर मालक ठरवतात. तिचे म्हणणे खरेच होते. स्वित्झर्लंडमधल्या दुकानदारावर युरो स्वीकारण्याची सक्ती नाही, त्यामुळे स्वीकारताना कोणता दर लावायचा हे तोच ठरवतो. कायद्याने यात काही गैर नाही, हे मान्य करूनही मला वाटते की बाजारदर आणि दुकानाचा दर हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिणे बंधनकारक असायला हवे.

कार्डाने पैसे देणाऱ्याची यातून सुटका होते असेही नाही. कॉन्स्टान्झमध्ये माझे भारतीय कार्ड यंत्राला लावताच पडद्यावर दोन पर्याय आले. रक्कम रुपयांत भरण्याचा पर्याय वर आणि ठळक होता, युरोचा खाली होता. रुपयांतली रक्कम ओळखीची वाटते, म्हणून बोट आपसूक तिकडे वळते. मात्र तो पर्याय निवडला की रूपांतराचा दर आपली बँक किंवा कार्डाचे जाळे ठरवत नाही, तर दुकानाच्या यंत्रामागची सेवा ठरवते, आणि त्यात तिचा स्वतःचा नफा मिसळलेला असतो. युरोपीय संघाने २०१९ साली केलेल्या नियमामुळे असा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्केवारीत दाखवण्याची पद्धत रूढ झाली आहे, परंतु मागे रांग उभी असताना पडद्यावरची बारीक अक्षरे वाचायला किती जणांना सवड असते? परदेशात यंत्राने चलन विचारले तर त्या देशाचेच चलन निवडावे, हे मी प्रत्येक प्रवाशाला आवर्जून सांगतो. एटीएमवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो आणि त्याचे उत्तरही हेच आहे.

दुपारनंतर गावातली गर्दी सीमेकडे सरकू लागते. जर्मन जकात कार्यालयाच्या खिडकीपुढची रांग हे या गावातले सर्वांत बोलके दृश्य आहे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या ग्राहकाला जर्मनीत भरलेला मूल्यवर्धित कर परत मिळू शकतो. त्यासाठी दुकानातून निर्यातीचा हिरवा कागद भरून घ्यायचा, माल आणि ओळखपत्र यांच्यासह सीमेवर त्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि पुढच्या खेपेस तो कागद त्याच दुकानात देऊन पैसे वसूल करायचे. १ जानेवारी २०२० पासून यासाठी खरेदी ५० युरोहून अधिक असावी लागते. त्यापूर्वी दोन-चार युरोंच्या खरेदीचे कागद घेऊनही लोक रांगेत उभे राहत आणि कॉन्स्टान्झचे रहिवासी, दुकानांत आणि रस्त्यांवर आपल्यालाच जागा उरत नाही, म्हणून वैतागत.

हा कर किती परत मिळतो याचा हिशोब मी रांगेतल्या एका बाईंच्या पावतीवरूनच केला. जर्मनीत कराचा सर्वसाधारण दर १९ टक्के आणि बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के आहे. ६० युरोच्या प्रसाधनांत ९.५८ युरो कराचे असतात, तर ६० युरोच्या किराणा मालात ३.९३ युरो. आधीच स्वस्त असलेला माल त्यामुळे आणखी स्वस्त होतो. मग स्विस बाजूचा नियम सुरू होतो. तिथे पूर्वी माणशी ३०० फ्रँकपर्यंतची खरेदी करमुक्त नेता येत असे. ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १५० फ्रँकवर आली, आणि ती कमी व्हावी यासाठी थुर्गाऊ व सांक्ट गालेन या सीमेलगतच्या कँटनांनीच, म्हणजे स्विस प्रांतांनीच, आग्रह धरला होता. मर्यादा ओलांडली की स्विस कर पूर्ण रकमेवर लागतो. त्याचा सर्वसाधारण दर ८.१ टक्के आणि खाद्यपदार्थांसाठी २.६ टक्के आहे, म्हणजे तो भरूनही जर्मन कर परत घेणारा ग्राहक फायद्यातच राहतो. मांसाची गोष्ट निराळी आहे. माणशी दिवसाला १ किलोपर्यंत मांस विनाशुल्क नेता येते, त्यापुढे किलोमागे १७ फ्रँक भरावे लागतात, कारण तिथे प्रश्न कराचा नसून स्विस शेतकऱ्याला दिलेल्या संरक्षणाचा असतो.

स्वित्झर्लंडमधल्या महागाईचे समर्थन करताना पगारांचा दाखला नेहमी दिला जातो आणि तो निराधार नाही. २०२२ साली तिथला मध्यक मासिक पगार, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळतो तो, ६,७८८ फ्रँक होता. केस कापणारा, भाजी विकणारा, कपात कॉफी ओतणारा माणूस तिथे राहतो, तिथले घरभाडे भरतो, तेव्हा त्याच्या श्रमाची किंमत अधिक असणे रास्तच आहे आणि त्याबद्दल तक्रार करणे मला योग्य वाटत नाही. परंतु बंद डब्यातून येणारी वस्तू, जी दुसऱ्याच देशात तयार झाली आणि दोन्ही गावांत एकाच मालमोटारीतून उतरू शकली असती, तिच्या किंमतीतला सगळा फरक फळी लावणाऱ्याच्या पगारातून येत नाही.

हे मला क्रॉइत्सलिंगेनमधल्या एका छोट्या दुकानाच्या मालकीणबाईंनी समजावून सांगितले. साबण, शाम्पू, मलमे विकणारे त्यांचे दुकान सीमेपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांनी फळीवरची एक नळी हातात घेतली, वहीतला आपला घाऊक खरेदीचा भाव दाखवला आणि म्हणाल्या, “तुम्ही आत्ता पलीकडे पाहून आलात ना? तिथला विक्रीचा भाव माझ्या या खरेदीच्या भावापेक्षा कमी आहे. मग मी नफा न घेता विकले, तरी माझे गिऱ्हाईक तिकडेच जाणार.” त्या स्वतः जर्मनीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेल्या, तेव्हा स्वित्झर्लंडसाठी वेगळा वितरक नेमलेला आहे, त्याच्याकडूनच माल घ्या, असे उत्तर त्यांना मिळाले होते.

ही तक्रार त्यांच्या एकट्यांची नाही, न्यायालयापर्यंत गेलेली आहे. बासलजवळच्या गाबा या कंपनीने एल्मेक्स टूथपेस्ट ऑस्ट्रियात बनवण्याचा परवाना गेब्रो या कंपनीला देताना, तो माल ऑस्ट्रियाबाहेर निर्यात करण्यास मनाई केली होती. त्यामुळे ऑस्ट्रियातली स्वस्त नळी स्वित्झर्लंडमध्ये आणण्याचा मार्ग बंद झाला. स्विस स्पर्धा आयोगाने गाबाला ४८ लाख फ्रँक दंड केला आणि २८ जून २०१६ रोजी संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. युरोपातल्या विक्रेत्यांना स्वित्झर्लंडमधल्या ग्राहकांना गाड्या विकण्यास मज्जाव केल्याबद्दल बीएमडब्ल्यूलाही २०१२ साली १५ कोटी ६० लाख फ्रँक दंड झाला होता. पुढे ‘रास्त भाव’ मागणीसाठी नागरिकांनी सह्या गोळा केल्या, आणि त्या दबावातून झालेला कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. एखाद्या पुरवठादारावर अवलंबून असलेल्या स्विस व्यावसायिकाला आता परदेशात, तिथल्या भावाने माल मिळावा अशी मागणी करता येते. परदेशी संकेतस्थळांनी स्विस ग्राहकाला आपोआप महागड्या स्विस पानावर ढकलणे हेही त्याच दिवसापासून, काही अपवाद वगळता, बेकायदा ठरले.

मी या कायद्याचा उल्लेख केला तेव्हा मालकीणबाईंनी मान डोलावली, पण त्यांच्या उत्तरातून त्याची मर्यादा स्पष्ट झाली. आपण पुरवठादारावर अवलंबून आहोत हे दुकानदारानेच सिद्ध करायचे असते, त्यासाठी कागदपत्रे आणि वकील लागतात, आणि उद्या त्याच पुरवठादाराकडून बाकीचा मालही घ्यायचा असतो. मोठ्या साखळी दुकानांना हा लढा परवडतो. दोन माणसांच्या दुकानाला परवडत नाही.

करमुक्त खरेदीची मर्यादा ३०० वरून १५० फ्रँकवर आणल्याने क्रॉइत्सलिंगेनची दुकाने वाचतील का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “ज्यांच्याकडे गाडी आहे ते दोनऐवजी चार वेळा जातील. माझ्याकडे उरतात ती चालता न येणारी म्हातारी माणसे, आणि जास्त पैसे मी त्यांच्याकडूनच घेते. मला ते अजिबात आवडत नाही.” एवढे बोलून त्यांनी ती नळी पुन्हा फळीवर ठेवली आणि नुकत्याच आत आलेल्या आजींना काय हवे ते विचारायला गेल्या.