तिकडे लोकांना खरंच विचारतात का?

२०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीपरीक्षणाची यंत्रं आली, त्या आठवड्यात राजापूरहून मामेभावाचा फोन आला. गावात पोलीस होते, बायका उन्हातान्हात सड्यावर बसून होत्या, आणि त्याचा आवाज बसलेला होता. म्हणाला, "ताई, तुमच्याकडे कॅनडात म्हणे तेलाची खाण काढायच्या आधी तिथल्या आदिवासींना विचारावं लागतं. खरंच विचारतात, की नुसत्या सह्या घेतात?"

हाच प्रश्न मला कॅलगरीत गणपतीला जमलेल्या मंडळींनीही विचारलाय, पुण्यातल्या मैत्रिणींनीही. मी चौदा वर्षं याच कामात आहे. आल्बर्टाच्या उत्तरेला तेलवाळूचा नवा प्रकल्प आखला जात असताना आसपासच्या वस्त्यांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, ते अभियंत्यांच्या नकाशापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

विचारतात. पण कधी विचारतात, त्यावर सगळं अवलंबून आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. फोर्ट मॅकमरे गावाच्या उत्तरेला जंगल आणि मस्केग, म्हणजे शेवाळाची दलदल. पाय ठेवला की जमीन स्पंजासारखी दबते. त्याखाली घट्ट डांबरात घोळलेली वाळू. पहिली मोठी खाण १९६७ साली सुरू झाली. एक बॅरल तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसून गरम पाण्याने धुवावी लागते, आणि धुवण उरतं ते मैलोगणती पसरलेल्या गाळाच्या तळ्यांत. बहुतेक साठा मात्र इतका खोल आहे की तिथे खणत नाहीत, वाफ सोडून डांबर पातळ करतात आणि वर ओढतात. या सगळ्याच्या मधून अथाबास्का नदी उत्तरेकडे वाहते. तिच्या काठी आधी फोर्ट मकाय, आणि पार टोकाला, तळ्याच्या कडेला, फोर्ट चिपेवायन. ही वस्ती १७८८ सालची. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या नद्यांवरून गाड्या जातात, एरवी होडी नाहीतर विमान.

तिथे क्री, डेने आणि मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) लोक राहतात. त्यातल्या क्री आणि डेने लोकांच्या पूर्वजांनी १८९९ साली ब्रिटिश राजसत्तेबरोबर आठवा करार केला आणि शिकार, मासेमारी, फासे लावणं हे पूर्वीसारखं चालू राहील असं वचन घेतलं. १९८२ च्या राज्यघटनेतल्या ३५ व्या कलमाने अशा करारांच्या हक्कांना संरक्षण दिलं. २००४ साली हायडा लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या हक्कांना बाधा येण्याची शक्यता असेल तर सरकारने आधी सल्लामसलत केलीच पाहिजे. त्याच्या पुढच्याच वर्षी फोर्ट चिपेवायनच्या मिकिस्यू क्री लोकांचा खटला आला. राष्ट्रीय उद्यानातून हिवाळी रस्ता काढायचा होता. तो त्यांच्या फाशांच्या पिढीजात वाटांवरून जाणार होता, आणि सरकारचं म्हणणं असं की आम्ही सर्वांसाठी खुल्या बैठका घेतल्या होत्या की. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ज्यांचा करार आहे, त्यांच्याशी थेट बोला, असा त्या निकालाचा अर्थ.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. सल्लामसलत म्हणजे नकाराधिकार नव्हे. न्यायालयाने सरकारला मनापासून ऐकायला आणि शक्य तिथे बदल करायला बांधलं आहे, 'हो' मिळवायला बांधलेलं नाही. प्रत्यक्षातलं बरंचसं काम सरकार कंपनीवर सोपवतं. कंपनी माझ्यासारख्यांना नेमते. म्हणजे ज्याला खाण हवी आहे, त्याच्याच पैशाने मी लोकांना विचारायला जाते. हे ओझं मी चौदा वर्षं वाहते आहे, आणि ते हलकं झालेलं नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. वेळापत्रकात सप्टेंबरमध्ये बैठक होती, मी सभागृह ठरवलं, पत्रकं पाठवली, जेवणाची सोय केली. चारच माणसं आली, त्यातली दोन सभागृहाचीच. सप्टेंबर म्हणजे मूसच्या, तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचे दिवस. सगळं गाव नदीवर आणि जंगलात होतं, वर्षाचं मांस साठवत होतं. भाताच्या कापणीच्या आठवड्यात आपल्याकडे कुणी ग्रामसभा बोलावली तर काय होईल? हे मला, कोकणातल्या मुलीला, कळायला हवं होतं. अहवालात वाक्य गेलं, 'बैठकीत कोणतीही हरकत नोंदवली गेली नाही.' खाली सही माझी होती.

ते वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त टोचतं.

पुढच्या फेब्रुवारीत मी बर्फाच्या रस्त्याने पुन्हा गेले. या वेळी बैठक ठेवली नाही. एका वयस्क बाईंच्या स्वयंपाकघरात तीन दिवस बसले. टेबलावर नकाशा पसरला होता, बाजूला बॅनॉकची भाकरी आणि काळा चहा. आमच्या नकाशावर त्या पट्ट्यात हिरव्या रंगाशिवाय काही नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक खूण करत गेल्या. इथे मूसच्या माद्या वितात. इथली तांबडी बेरी आम्ही दरवर्षी आणतो. हा ओढा गोठत नाही. इथे माझ्या आजीचं बाळ पुरलंय. शेवटी त्या उठल्या, डब्यातून एक वाळलेलं मूळ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, घसा बसलाय तुझा, चघळ.

वास आला आणि मी गप्प झाले. वेखंड होतं. माझ्या आजीने सहाणेवर उगाळून आम्हा सगळ्या नातवंडांना चाटवलं तेच, म्हणजे त्याचं तिथलं सख्खं भावंड. तिकडे इंग्रजीत त्याला रॅट रूट म्हणतात, आणि ते पाणथळ जागीच वाढतं. बाईंनी विचारलं, "खाण बंद झाल्यावर तुम्ही झाडं लावणार म्हणता. हे परत येईल का?"

मला उत्तर माहीत होतं. खाणीच्या कचऱ्यावर माती टाकून टेकडी करता येते, तिच्यावर सूचिपर्णी झाडं वाढवता येतात. २००८ साली अशा १०४ हेक्टर जमिनीला सरकारने पहिलं प्रमाणपत्र दिलं, आणि ती जागा आज खरोखर हिरवी आहे. पण मस्केगखालची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती साठायला हजारो वर्षं लागलेली असतात. आपल्या मापाने ती परत येत नाही. मी तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मग रस्ता तरी ओढ्याच्या पलीकडून न्या.

रस्त्याची रेघ तेव्हा पेन्सिलीचीच होती, म्हणून ती हलली. वर्षभराने ठेकेदार नेमलेले असते, तर त्याच बाईंचं तेच वाक्य 'चिंता क्रमांक अमुक' होऊन परिशिष्टात बसलं असतं, आणि समोरच्या रकान्यात 'नोंद घेतली' असं आलं असतं. असे रकाने मी शेकड्यांनी वाचले आहेत.

लोकांचं ज्ञान म्हणजे आठवणी आणि भावना, असं अभियंत्यांना वाटतं. फोर्ट चिपेवायनच्या दोन्ही फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूलनिवासी समुदायांनी, २०१० साली त्याला मोजमापाने उत्तर दिलं. खाणी नदीचं पाणी उचलतात, तेव्हा किती उचललं तर चालेल यावर वाद होता. त्यांनी होडीवाल्यांना विचारलं: नदी किती असली की तुम्ही सगळीकडे पोचता, आणि किती उतरली की वाट बंद होते? उत्तरं नदीच्या मोजणीशी ताडली आणि दोन आकडे मांडले. सेकंदाला १,६०० घनमीटर असेल तर जुन्या सगळ्या जागांपर्यंत होडी जाते, ४०० च्या खाली गेलं की बऱ्याच जागा तुटतात. माशांना किती पाणी लागतं हे तोवर सरकार मोजत होतं. माणसाच्या होडीला किती लागतं, हे त्यांनी स्वतः मोजून दाखवलं. या कामाबद्दल मला फार आदर आहे.

आता फोर्ट मकायची गोष्ट. ती मी प्रत्येकाला सांगते, कारण 'आदिवासी म्हणजे विकासाला विरोध' हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही. फोर्ट मकायच्या चारी बाजूंना खाणी आहेत. लोकांनी त्यांना सेवा पुरवणाऱ्या स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या. २०१७ साली त्यांनी आणि मिकिस्यू क्री लोकांनी मिळून सनकोर या तेलकंपनीच्या तेलटाक्यांच्या एका तळातला ४९ टक्के हिस्सा सुमारे ५०.३ कोटी डॉलरना विकत घेतला. हेच लोक एका जागेबद्दल मात्र हटले नाहीत. मूस लेक. खाणींच्या गराड्यात शिकारीला, मासेमारीला, मुलांना जंगल शिकवायला उरलेली जागा. तिच्याभोवती दहा किलोमीटरचा पट्टा राखावा यासाठी ते वर्षानुवर्षं प्रांताशी बोलत होते, आणि २०१५ साली प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) जिम प्रेंटिस यांच्याशी चीफ जिम बुशे यांची त्यावर बोलणीही झाली. ती पुरी व्हायच्या आधीच त्या पट्ट्यात रोज १०,००० बॅरलचा एक प्रकल्प आल्बर्टाच्या ऊर्जा नियामकाने २०१८ साली मंजूर केला. नियामकाचं म्हणणं, प्रांताची बोलणी हा आमचा विषय नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आल्बर्टाच्या अपील न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. सरकारची प्रतिष्ठा पणाला लागलेली असताना नियामकाला तो प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, असा निकालाचा आशय. पुढच्या वर्षी मूस लेकचा आराखडा आला.

नियोजनात सहभाग म्हणजे काय, हे मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. 'इथे करा, तिथे नको' असं सांगण्याइतकी मोठी जागा लोकांना मिळायला हवी. एकेक खाण वेगळी समोर ठेवली, की प्रत्येक वेळी नुकसान छोटंच दिसतं.

सह्यांबद्दल मामेभावाने विचारलं होतं. फ्रंटियर नावाच्या मोठ्या खाणीचा प्रस्ताव होता, २,०६० कोटी डॉलरचा, रोज २,६०,००० बॅरलचा, वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानापासून जवळ. कंपनीने १४ मूलनिवासी समुदायांशी करार केले होते. तरीही २०१९ साली केंद्र आणि प्रांताच्या संयुक्त पॅनेलने लिहिलं की प्रकल्प लोकहिताचा आहे, आणि त्याचबरोबर मूलनिवासींच्या हक्कांवर आणि निसर्गावर गंभीर परिणाम होतील. २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीने अर्ज मागे घेतला. सही म्हणजे संमती, असं मी म्हणू शकत नाही. 'खाण तर होणारच आहे, निदान नोकऱ्या आणि देखरेखीत वाटा तरी मिळू दे', असं म्हणत केलेल्या सह्या मी जवळून पाहिल्या आहेत.

आणि मंजुरी मिळाली म्हणून विचारणं संपत नाही. कर्ल नावाच्या तेलवाळूच्या खाणीत २०२२ च्या मे महिन्यात गाळतळ्याजवळ रंग बदललेलं पाणी दिसलं. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना त्याचा खरा आवाका कळला २०२३ च्या फेब्रुवारीत, तेव्हा तिथे आणखी ५३ लाख लिटर दूषित पाणी वाहून गेलं होतं. मधले नऊ महिने ते लोक मासे खात होते, शिकार करत होते. त्यानंतर फोर्ट चिपेवायनला गेले तेव्हा एका ओळखीच्या माणसाने मला दारातूनच परत पाठवलं. त्याचं काही चुकलं नाही.

मामेभावाला मी यातलं बरंचसं त्या रात्री सांगितलं. मग तोच म्हणाला, आपल्याकडे जनसुनावणी असते ना? असते. पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची सूचना, मराठीतला सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष. पण ती होते तेव्हा जागा ठरलेली असते, अहवालाचा मसुदा लिहून झालेला असतो. याच रिफायनरीच्या आधीच्या जागी, नाणारला, २०१७ साली भूसंपादनाची अधिसूचना आधी आली, बोलणं नंतर सुरू झालं, आणि २०१९ साली ती रद्द करावी लागली. रिफायनरी हवी की नको, हे मी कॅलगरीत बसून ठरवणार नाही. क्रम उलटा होता, एवढं मात्र मी ठामपणे म्हणते.

शिवाय सडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, दिसतो, माझ्या नकाशावरच्या त्या रिकाम्या हिरव्या पट्ट्यासारखाच. त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या अशा शिल्पांच्या जागा २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, बारसूचा सडाही त्यात आला. पावसाळ्यात गुरं तिथे चरतात, तिथलं पाणी झिरपून खालच्या विहिरींना येतं. हे कागदावर कुणी लिहिलंय का, असं मी त्याला विचारलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "वाडीतले गुरं राखणारे आजोबा आहेत. त्यांना सगळं तोंडपाठ आहे."

जूनमध्ये मिरगाचा पाऊस लागला. एका रविवारी त्याने फोटो पाठवला. मुलीच्या गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद, पेन्सिलीने काढलेला सडा, एका कोपऱ्यावर पावसाचा थेंब पडून कागद फुगलेला. आजोबांनी सांगितलेल्या पाणवठ्यांची सतरा नावं होती त्यावर, आणि प्रत्येकापुढे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं ते.