अल्काझी सरांची तालीम
इब्राहिम अल्काझी जन्माने पुणेकर. लंडनच्या ‘राडा’ (RADA) या नाट्यशिक्षण संस्थेत शिकले, मुंबईत नाटकं केली आणि १९६२ ते १९७७ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नटाला नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा सगळं यायलाच हवं, हा त्यांचा आग्रह.

१९६३ साली धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ हे हिंदी नाटक त्यांनी दिल्लीतल्या फिरोजशाह कोटला या जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींत उभं केलं. अशा जागी विंग, म्हणजे नटाला आडोशाला थांबायची रंगमंचाची बाजू, नसते. प्रवेश लांबून चालत येऊनच करायचा, म्हणून पावलं आधी मोजून घ्यावी लागतात. वाऱ्यात वाक्याचा शेवट विरतो, आणि हिंदी-मराठीत क्रियापद नेमकं तिथेच असतं! श्वास राखून ठेवला नाही तर अर्थच जातो. अल्काझी सरांच्या विद्यार्थिनी रोहिणी हट्टंगडींचं काम मन लावून ऐका. त्यांचं शेवटचं अक्षर कधी पडत नाही.