बर्फाने दाखवलं, गारठ्याने लपवलं

मी न्यूरोला रेसिडेंट होतो तेव्हाची केस आहे. ओपीडी संपत आलेली, साडेचार वाजून गेलेले, आणि एक चाळिशीच्या बाई जाडजूड फाईल घेऊन आल्या. चष्म्याचा नंबर दोनदा बदललेला, मेंदूचा एमआरआय नॉर्मल, आणि शेवटच्या कागदावर कुणीतरी लिहिलेलं 'अँक्झायटी'. तक्रार काय, तर संध्याकाळी एकाचे दोन दिसतात, आणि जेवण अर्ध्यावर आलं की जबडा असा दमतो की हाताने हनुवटी धरून चावावं लागतं. "सकाळी डॉक्टरकडे जाते तेव्हा मी ठणठणीत असते हो, मग कोण विश्वास ठेवणार," म्हणाल्या, आणि हे बोलता बोलताच वाक्याच्या शेवटी आवाज नाकात गेला. इथे माझे कान टवकारले.

म्हटलं, छताकडे बघत राहा, डोळे मिटू नका. मिनिटभरही नसेल झालं, डावी पापणी हळूहळू अर्ध्या बुबुळावर उतरली. बाहुल्या, रिफ्लेक्स, संवेदना, सगळं नॉर्मल. एका श्वासात अंक मोजायला लावले, 28 पर्यंत गेल्या, म्हणजे श्वासाची लगेच काळजी नव्हती. मग सिस्टरकडून ग्लोव्हमध्ये बर्फ घेतला, गाठ मारली आणि मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर! म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिस, स्नायू लवकर दमवणारा आजार. त्यात शरीराच्याच अँटिबॉडी स्नायूवरचे रिसेप्टर बाद करतात, नसेचा निरोप पोचतो पण अर्धवट, आणि थंडीत निरोपाचं रसायन तोडणारं एन्झाइम मंदावतं म्हणून तेवढ्यापुरतं काम सुधारतं. मी भलताच खूश.

दुसऱ्या दिवशी, गोळी सुरू करायच्या आधी, आरएनएस (रिपिटिटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन) टेस्ट. सेकंदाला 3 वेळा नसेला शॉक द्यायचा आणि स्नायूचा पहिल्यापेक्षा चौथा प्रतिसाद 10 टक्क्यांहून जास्त पडतो का बघायचं. हाताच्या स्नायूवर केली, काहीच पडेना, एकदम सरळ रेघ. माझं तोंडच उतरलं, म्हटलं खरंच अँक्झायटी की काय. आमचे जुने टेक्निशियन काका पेशंटचा तळहात धरून म्हणाले, "डॉक्टर, आधी एसी बंद करा, हात गार पडलाय." म्हणजे काल ज्या गारव्याने रोग दाखवला त्यानेच आज झाकला होता आणि मला ते सुचलंच नाही! हात कोमट पाण्यात गरम केला, पुन्हा घेतलं, थोडी घट दिसली. खांद्याच्या ट्रॅपेझियसवर घेतलं तर थेट 26 टक्के.

अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला वेळ लागला, पण पॉझिटिव्ह आला. अंगभर पसरलेल्या आजारात साधारण 85 टक्के पेशंटमध्ये ती सापडते, उरलेल्यांत मस्क (MuSK) वगैरे दुसऱ्या अँटिबॉडी शोधाव्या लागतात. थायमस या छातीतल्या ग्रंथीची गाठ आहे का बघायला छातीचा सीटी केला, तो स्वच्छ होता.

सरांनी मात्र हे सगळं बाजूला ठेवून माझा आरएनएसचा तो पहिला, सरळ रेघेचा कागद मागवला आणि वर लाल पेनने एकच शब्द लिहिला, 'टेंपरेचर?'